वैद्यकांतील मधल्या वाटा

दरसाल ज्येष्ठ महिना लागला कीं आमच्याकडे माणसांची ये-जा वाढते. शाळेंतून निवृत्त होऊन आम्हांस आतां दहा वर्षें होत आलीं. परंतु मुलाचा निकाल लागला म्हणजे एकदां मास्तरांस विचारून यावें, ही आमच्या पेठेंतील जुनी चाल अद्याप मोडलेली नाहीं. येणाऱ्यांपैकीं निम्मे पालक एकच प्रश्न घेऊन येतात. मुलगा अगर मुलगी 'नीट'च्या परीक्षेंत राहिली. आतां आणखी एक वर्ष बसवावें कीं नाहीं? आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. संस्कृत तेवढें पाठशाळेंत बसून शिकलों. डॉक्टरीच्या प्रवेशाविषयीं आम्हीं काय सांगावें? तरीहि दरवर्षीं आम्ही कांहींतरी सांगत आलों, आणि बहुधा तें 'आणखी एक वर्ष बघा' हेंच असे. दुसऱ्याच्या मुलाचें एक वर्ष आपल्या तोंडून फार सहज निघून जातें.

यंदा तो प्रश्न बाहेरून आला नाहीं. आमच्याच माजघरांतून आला.

आमच्या पुतण्याची कन्या, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंची नात, दुसऱ्या वेळीं त्या परीक्षेस बसली आणि दुसऱ्या वेळीं राहिली. गुण वाईट नव्हते. परंतु सरकारी महाविद्यालयास ते पुरत नव्हते, आणि खासगी महाविद्यालयाचा खर्च पेलावयाचा तर राहतें घर विकावें लागलें असतें. या परीक्षेस २०२४ सालीं साऱ्या देशांत २३ लाखांहून अधिक मुलें बसलीं, आणि एम्. बी. बी. एस्.च्या सरकारी व खासगी मिळून साऱ्या जागा एक लाखाच्या थोड्या वर. वीसांहून अधिक मुलांमागें एक जागा! उरलेलीं सारींच मंदबुद्धि होतीं असें आम्ही तरी म्हणणार नाहीं. आम्हीं छत्तीस वर्षें मुलें पाहिलीं आहेत.

निकालाच्या रात्रीं पानें उचलल्यावर सगळे बसलेले होते. पुतण्यानें तिसऱ्या वर्षाच्या क्लासचा विषय काढला. मुलगी एवढा वेळ खालीं मान घालून बसली होती, ती म्हणाली, "बाबा, मला आतां तिसऱ्यांदां बसायचें नाहीं. अण्णाआजोबा, तुम्ही आजोबांना सोमवारीं-बुधवारीं जिथें नेतां ना, तिथलें काम मला शिकायचें आहे."

क्षणभर कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. मग तिच्या आईनें विचारलें, "म्हणजे डायलिसिसचें?" आणि पुतण्या कांहींएक न बोलतां उठून गच्चीवर गेला. दुसऱ्या दिवशीं तिच्या आजोळीं ही वार्ता पोंचली. विहीणबाईंचा दूरध्वनि आला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं दोन पिढ्यांत घरांत कोणी कोणाचें मलमूत्र काढून पोट भरलें नाहीं; उद्यां स्थळें येतील तेव्हां मुलगी काय करते म्हणून सांगावयाचें?

आम्हांस त्यांचा राग आला नाहीं. हेंच वाक्य, यापेक्षां अधिक गोड शब्दांत, आम्हीं एकदां उच्चारलेलें आहे. तें पुढें सांगूं.

आमच्या बंधूंस मधुमेहानें मूत्रपिंडाचा विकार होऊन दोन वर्षें झालीं. आठवड्यांतून तीन दिवस, दर वेळीं चार तास, त्यांचें रक्त यंत्रावर धुऊन घ्यावें लागतें. त्यांच्यासोबत जाण्याचें काम निवृत्त मनुष्य म्हणून आमच्याकडे आलें. पहिला महिना आम्ही बाहेरच्या बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसत असूं. पुढें आंत बसण्याची परवानगी मिळाली, आणि मग वर्तमानपत्र तसेंच घडी घातलेलें राहूं लागलें.

त्या खोलींत डॉक्टर दिवसांतून एकदां, क्वचित् दोनदां, फेरी घालून जातात. चारी तास तेथें असतो तो एक सव्वीस वर्षांचा मुलगा, पंढरपुराकडच्या खेड्यांतला. बारावीनंतर दोन वर्षांचा शिक्षणक्रम करून तो या कामास लागला. बंधूंच्या डाव्या हातांत मनगटाच्या वर एक रोहिणी आणि एक नीला लहानशी शस्त्रक्रिया करून एकमेकींस जोडून दिलेली आहे. तिला हे लोक 'फिस्चुला' म्हणतात. तीवर तळहात ठेवला तर आंत भुंगा गुणगुणत असावा अशी थरथर लागते. हा मुलगा आल्याबरोबर आधीं तेथें हात ठेवतो, मग नळी कानांस लावून ऐकतो, आणि मगच सुई हातांत घेतो. ती थरथर एके दिवशीं लागली नाहीं, तर यंत्र असून नसल्यासारखें. सुया दोन, आणि चांगल्या जाड. एकींतून रक्त बाहेर जातें, दुसरींतून परत येतें; मिनिटास सुमारें अडीचशें ते तीनशें मिलिलिटर. मध्यें एक पारदर्शक नळी असते, तींत केंसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा. तंतूंच्या आंतून रक्त वाहतें, बाहेरून क्षारयुक्त पाणी उलट दिशेनें वाहतें, आणि मूत्रपिंडानें टाकावयाचें जें द्रव्य तें तंतूंच्या भिंतींतून पलीकडे झिरपतें. हें पाणी मिनिटाला अर्धा लिटर. म्हणजे चार तासांत एका माणसामागें सव्वाशें लिटरांच्या घरांत! तें साधें नळाचें चालत नाहीं. त्यांत शहराच्या पाण्यांतलें क्लोरिनाचें द्रव्य राहिलें तर रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पहिला रोगी येण्यापूर्वीं पाण्याची परीक्षा करणें हेंहि त्याच मुलाचें काम.

एका गुरुपुष्याच्या आसपासची गोष्ट. बंधूंस दोन दिवस पाहुण्यांमुळें पाणी जास्त पिणें झालें होतें, आणि तें काढावयाचें होतें. तिसरा तास चालू असतां त्यांस एक जांभई आली. आम्हांस वाटलें, रात्रीं झोंप झाली नसेल. तो मुलगा दुसऱ्या खाटेपाशीं होता, तेथून वळला, "आजोबा, कसें वाटतेंय?" असें विचारीत विचारीतच त्यानें पाणी काढणें थांबविलें, पायांकडची बाजू उंच केली, नळीवाटे सलाईन सोडलें. मग यंत्राची घंटा वाजली. रक्ताचा दाब एकाएकीं उतरला होता. पांच-सात मिनिटांत बंधूंच्या तोंडावर रंग आला. त्यानें डॉक्टरांस कळविलें, वहींत वेळ लिहिली आणि तो पुन्हां दुसऱ्या खाटेकडे गेला. जांभई हें दाब उतरण्याचें पूर्वचिन्ह असूं शकतें, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं कळली. साठीच्या पुढें गेल्यावर सव्वीस वर्षांच्या मुलाकडून.

हें यंत्र प्रथम बनविलें हॉलंडांतील विलेम कोल्फ नांवाच्या डॉक्टरांनीं, १९४३ सालीं, देश जर्मनांच्या ताब्यांत असतां. साधनें मिळत नव्हतीं. सॉसेज नांवाच्या मांसाच्या पदार्थास जें सेलोफेनचें आवरण घालतात त्याची नळी त्यांनीं लांकडी पिंपाभोंवतीं गुंडाळली. (आमच्या शाकाहारी वाचकांनीं नाक मुरडूं नये, आज आपल्या घरोघरचीं वडील माणसें त्या आवरणाच्या पुण्याईवर जेवत आहेत.) पहिले अनेक रोगी दगावले, १९४५ मध्यें एक वृद्धा बरी झाली. आपल्याकडे २०१६ पासून केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिसची योजना सुरू केली. यंत्रें वाढलीं तशीं तीं चालविणारीं माणसें लागूं लागलीं, आणि पुढेंहि लागणार. मधुमेह तर आपल्या समाजांत घरचाच झाला आहे.

असो. आम्ही संस्कृतवाले, आम्हांस ग्रंथ उघडल्याखेरीज चैन पडत नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. चौघांसहि प्रत्येकीं चार गुण लावून दिले आहेत. परिचारकास काय हवें? तर उपचारांचें ज्ञान, हातांत चलाखी, रोग्याविषयीं ममत्व आणि स्वच्छता. वैद्य हा चौघांत मुख्य, असें ग्रंथकार पुढें सांगतो, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु चौथा पाय कापला असतां पाट उभा राहत नाहीं, आणि ग्रंथांत परिचारकाचें पहिलें लक्षण ज्ञान हें आहे. आपण मात्र कालांतरानें तें काम ज्ञानाचें मानणें सोडून दिलें आणि विटाळाचें मानूं लागलों.

तो विटाळ मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न याच पुणें शहरांत झाला. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं सेवासदन काढलें. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्यासोबत होते. शिवणकाम आणि शिक्षिकांचे वर्ग यांस लोकांनीं फार नांवें ठेविलीं नाहींत. परंतु ब्राह्मण घरांतील विधवा ससून रुग्णालयांत जाऊन परिचर्येचें शिक्षण घेऊं लागल्या, तेव्हां पेठांतून काय बोललें गेलें असेल याची कल्पना आम्हांस विहीणबाईंच्या एका दूरध्वनीवरून आली. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. सेवासदनाचें नांव आपण भाषणांतून आदरानें घेतों आणि घरांतली मुलगी तोच रस्ता धरूं म्हणाली कीं गच्चीवर जातों.

आतां आमची गोष्ट. १९९० सालच्या सुमारास आमच्या वर्गांतून गेलेली एक मुलगी बारावी झाली. वडील वारलेले, चुलत्याच्या घरीं आश्रयास. संस्कृतांत ती पहिली येई. त्याहून विशेष म्हणजे वर्गांत कोणी चक्कर येऊन पडलें तर इतर मुली किंचाळत, ही पाण्याचा तांब्या घेऊन येई. तिला परिचारिकेच्या शिक्षणक्रमास जावयाचें होतें. चुलते आमचा सल्ला विचारावयास आले. ते अर्धे राजी होते; मास्तर 'हो' म्हणाले असते तर त्यांनीं तिला पाठविलीच असती. आम्हीं म्हटलें, "रात्रपाळी, परक्या पुरुषांची शुश्रूषा, घरंदाज मुलीस हें शोभेल काय? डी. एड्.चें पाहा, नाहीं तर स्थळ पाहा." डी. एड्.चा प्रवेश मिळाला नाहीं. स्थळ मिळालें.

त्यानंतर आमचा-तिचा संबंध राहिला नाहीं. २०१४ सालीं आमच्या मातुःश्री अंथरुणास खिळल्या. वय त्र्याण्णव. घरच्या सुनांची धांवपळ पाहून आम्हीं एका ब्यूरोकडे बारा तासांची बाई मागितली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सातास दार वाजलें. आम्हीं दार उघडलें. ती म्हणाली, "सर, तुम्ही?"

सात महिने ती आमच्याकडे होती. नवरा कारखाना बंद पडल्यावर घरीं बसला होता; दोन मुलें शिकत होतीं. दर दोन तासांनीं आईस कुशीवर वळविणें, टाचांखालीं मऊ गुंडाळी ठेवणें, पाठीची कातडी लाल दिसतांच तेथें भार पडूं न देणें, तोंड कोरडें पडूं नये म्हणून ओला बोळा फिरविणें. हें सर्व ती कोठें शिकली? घरोघर म्हातारीं माणसें सांभाळून शिकली. आईस शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाहीं. आई रामरक्षा म्हणतां म्हणतां अडखळली कीं ही चादर बदलतां बदलतां पुढचा चरण देई. तो तिला आम्हींच आठवीत पाठ करून घेतलेला. ब्यूरो आमच्याकडून जें घेई त्यांतील कांहीं भाग स्वतःकडे ठेवी. रजा घेतली तर तो दिवस बुडे. आजारपण, म्हातारपण यांची तजवीज कांहीं नाहीं. तीन वर्षांचा एक कागद तिच्याजवळ असता, तर याच कामासाठीं तिला सरकारी वेतन, बढती आणि निवृत्तीनंतरची सोय मिळूं शकली असती. तो कागद कोणामुळें राहिला हें तिला ठाऊक होतें कीं नाहीं, हें आम्हांस आजतागायत कळलेलें नाहीं. चुलत्यांनीं सांगितलें असेल किंवा नसेल. एके दिवशीं दुपारीं तीं दोघें, म्हणजे आई आणि ती, झोंपल्यासारखीं असतां आम्हीं बोलावें म्हणून खोलीच्या दाराशीं गेलों, तिनें मान वर केली, आम्ही "चहा घेणार का?" एवढेंच म्हणालों.

हें सर्व या स्तंभांत लिहावयाचें कारण हें, कीं असे मास्तर प्रत्येक आळींत आहेत आणि त्यांस विचारणारे पालकहि आहेत. तेव्हां निदान माहिती तरी बरोबर सांगितली जावी.

एम्. बी. बी. एस्. पुरें होण्यास वर्षभराच्या उमेदवारीसकट साडेपांच वर्षें लागतात, आणि विशेष शाखेचें शिक्षण घ्यावयाचें तर आणखी तीन. परिचर्येकडे तीन दारांनीं जातां येतें. ए. एन्. एम्. दोन वर्षांचा, जी. एन्. एम्. तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. पहिल्या दोहोंस बारावीला शास्त्रशाखाच हवी असें नाहीं. पदवीस मात्र जीवशास्त्रादि विषय लागतात. जी. एन्. एम्. झालेल्या मुलीस पुढें दोन वर्षांत पदवी घेण्याची सोय आहे, म्हणजे प्रथम मिळवावें आणि मग शिकावें असेंहि करतां येतें. औषधांच्या दुकानीं किंवा रुग्णालयाच्या औषधशाळेंत बसावयाचें तर औषधनिर्माणाची पदविका दोन वर्षांची, वर ५०० तासांचें प्रत्यक्ष काम. १९४८ च्या कायद्यानें नोंदणी झालेल्या माणसाखेरीज इतरांस औषध देण्याची मनाई आहे, त्यामुळें या पदविकेस किंमत आहे. याशिवाय रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, शस्त्रक्रियागृहांतील साहाय्यक आहेत, डोळे तपासणारे आहेत. क्ष-किरणांचें काम तर आम्हांस विशेष मोहक वाटतें. राँटगेन यांनीं १८९५ त ते किरण शोधिले. आज त्या खोलींत काम करणारीं मुलें छातीवर एक लहानसा बिल्ला लावतात. तो दिसतो शाळेच्या मॉनिटरच्या बिल्ल्यासारखा, पण त्याचें काम माणसाच्या अंगावर किती किरण पडले याची नोंद ठेवण्याचें असतें. ठराविक काळानें तो तपासणीस जातो. ज्या ठिकाणीं नोकरीस लागलेल्यास असा बिल्ला देत नाहींत, तेथें मुलास एक दिवसहि ठेवूं नये.

वेतनाविषयीं फुगवून सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून आम्ही जपून सांगतों. केंद्र सरकारच्या रुग्णालयांतील परिचारिकेस सातव्या वेतन आयोगाच्या कोष्टकांत सातवा स्तर आहे. मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून, भत्ते निराळे. केंद्रीय विद्यालयांतील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचाहि स्तर तोच, आणि प्राथमिक शिक्षकाचा एक पायरी खालीं, ३५,४०० चा. ज्या मास्तरानें मुलीस परिचारिका होण्यापेक्षां डी. एड्. करावयास सांगितलें, त्याच्या डोळ्यांपुढून हे आंकडे जावेत म्हणून मुद्दाम लिहिले. 'एम्स'सारख्या संस्थेंत जी. एन्. एम्. झालेलीसहि अर्ज करतां येतो, मात्र निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयांतील दोन वर्षांचा अनुभव लागतो. औषधनिर्मात्याचें व तंत्रज्ञांचें वेतन सामान्यतः याहून कमी असतें.

खासगी रुग्णालयांची तऱ्हा वेगळी. तेथें, विशेषतः लहान गांवांत, पदविका हातांत असूनहि लाज वाटावी असें वेतन देतात. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून एक समिति नेमली गेली. पन्नासांहून कमी खाटांच्या रुग्णालयांतहि परिचारिकेस महिना २०,००० रुपयांहून कमी देऊं नये, आणि दोनशेंहून अधिक खाटा असल्यास राज्य सरकारच्या बरोबरीनें द्यावें, अशी तिची शिफारस होती. शिफारस ती शिफारस. म्हणून पहिलीं दोन वर्षें अनुभवाकरितां काढावयाचीं आणि सरकारी परीक्षांस बसत राहावयाचें, हाच शहाणपणा. रात्रपाळी आहे, पाय सुजतात, नातेवाईकांचीं बोलणीं खावीं लागतात. सुई टोंचण्याचा धोका असतो म्हणून यकृताच्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-बी ची, लस आधींच टोंचून घ्यावी लागते. हें मुलीस आधीं सांगावें. मुली त्यानें घाबरत नाहींत, आईबाप घाबरतात.

परदेशीं जाणाऱ्यांविषयीं एकच वाक्य. जर्मनींत परिचारिकांस मागणी आहे, पण तेथें पूर्ण मान्यता मिळविण्यास जर्मन भाषेची बी-टू पायरी चढावी लागते. त्या भाषेंत विभक्त्या चारच आहेत. ज्यांनीं लहानपणीं आठ विभक्त्यांचे चोवीस रूपांचे कोष्टक तोंडपाठ केलें, त्यांनीं भ्यावयाचें कारण नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. आमच्या नातीनें डायलिसिसचें नांव काढलें आणि आठ दिवसांत तिच्या फोनवर जाहिरातींचा पाऊस पडला. 'सहा महिन्यांत तंत्रज्ञ, शंभर टक्के नोकरी.' त्यांपैकीं एका ठिकाणीं आम्ही दोघें गेलों. दुकानांच्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक बाई, एक संगणक, भिंतीवर मूत्रपिंडाचें चित्र. आम्हीं विचारलें, "यंत्र कोठें आहे?" उत्तर आलें, "प्रात्यक्षिक रुग्णालयांत होतें." "कोणत्या?" बाई म्हणाल्या, "तें प्रवेशानंतर सांगतों." नातीनें विचारलें, "पाण्याची तपासणी शिकवतात का?" बाईंनीं तिच्याकडे असें पाहिलें, जणुं तिनें विहिरीच्या पाण्याची चौकशी केली. आम्ही जिना उतरलों.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. २०२१ सालीं संसदेनें वैद्यकास साह्यभूत व्यवसायांसाठीं निराळा कायदा केला. त्यांत अशा साह्यक व्यवसायिकाची व्याख्याच अशी आहे, कीं त्याचें शिक्षण निदान २,००० तासांचें आणि दोन ते चार वर्षांत पसरलेलें असावें. याहून वरच्या गटास निदान ३,६०० तास. सहा महिन्यांची पदविका त्या मापांत बसत नाहीं. तेव्हां संस्थेची इमारत पाहूं नये. मान्यता कोणाची, परीक्षा कोण घेतें, आणि शेवटीं कोणत्या परिषदेकडे नांवाची नोंद होणार, हे तीन प्रश्न विचारून उत्तरें लेखी मागावीं. परिचर्येसाठीं भारतीय नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांचीं नांवें कागदावर दिसलीं पाहिजेत. लेखी मागितलें कीं निम्म्या संस्था आपोआप गळतात, हा आमचा गेल्या महिन्याचा अनुभव.

घरीं परतल्यावर आम्ही दोघांनीं बसून विचार केला. केवळ डायलिसिस शिकली तर त्या एकाच खोलींत राहील. परिचर्या शिकली तर ती खोलीहि मोकळी आणि बाकीचें रुग्णालयहि मोकळें. गुण आहेतच, तेव्हां चार वर्षांच्या पदवीचा अर्ज पहिला आणि जी. एन्. एम्.चा दुसरा, असें तिनेंच ठरविलें. पुतण्याला आम्हीं हे आंकडे दाखविले. त्यानें ते नीट वाचले, तो बँकेंत आहे, आंकडे वाचतो, आणि म्हणाला, "अण्णाकाका, आंकड्यांचा प्रश्न नाहीं हो."

तेव्हां आमच्या थोरल्या वहिनी, ज्या एरवीं अशा चर्चेंत बोलत नाहींत, देवघरांतूनच म्हणाल्या, "भावजी, यांच्या मोठ्या डॉक्टरांचें नांव मला विचाराल तर सांगतां येणार नाहीं. त्या सुई लावणाऱ्या मुलाचें येतें. त्याच्या आईचेंहि येतें." पुतण्या कांहीं बोलला नाहीं, पण गच्चीवरहि गेला नाहीं.

गेल्या रविवारीं आम्हीं एक काम केलें. जुनी वही काढून त्या आमच्या विद्यार्थिनीचा क्रमांक शोधला आणि तिला बोलावणें धाडलें. ती आतां पन्नाशीच्या पुढें आहे. अजून बारा तासांच्याच कामावर जाते. मुलें मार्गास लागलीं. आली, आईच्या तसबिरीस नमस्कार केला. आम्हीं म्हटलें, "बाई, १९९० सालीं तुझ्या चुलत्यांनीं मला विचारलें होतें. मी 'नको' म्हणालों होतों." ती म्हणाली, "सर, मला माहीत होतें." मग पुढें कांहीं नाहीं. पदर खोंवून ती स्वयंपाकघरांत गेली, तेथें नात भाजी निवडीत होती. दार लोटलेलें होतें आणि दोघी तासभर बोलत होत्या. आम्हांस ऐकूं आलें नाहीं. आम्हीं ऐकण्याचा प्रयत्नहि केला नाहीं. मध्यें एकदां नात बाहेर आली, बंधूंच्या खाटेपाशीं बसली आणि म्हणाली, "आजोबा, हात द्या." त्यांनीं डावा हात पुढें केला. तिनें तळहात मनगटाच्या वर ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ तशीच बसली, आणि परत आंत गेली.

अर्ज टेबलावर आहे. पालकाच्या स्वाक्षरीची जागा अद्याप कोरी आहे. काल पुतण्यानें आमच्याकडे शाईचें पेन आहे का म्हणून विचारलें. कशाला तें सांगितलें नाहीं. मुदत शनिवारपर्यंत आहे.